फौजदारी अपील कोणत्या न्यायाधीशांपुढे जाते?

बेंगळुरू : शहराच्या पूर्व भागातील इंदिरानगर पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला, तर त्याला वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. मात्र ती कोणत्या न्यायाधीशांपुढे मागावी, हे त्याला ठरवता येत नाही. सरकारी पक्षालाही नाही. निकालावरील विश्वास या तत्त्वावर अवलंबून असल्याने अपिलांचे वाटप कसे होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

न्यायालय कोणते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सामान्यतः सत्र न्यायालयात अपील होते. सत्र न्यायाधीशांनी दिलेली शिक्षा किंवा अन्य न्यायालयाने दिलेली सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा असेल, तर अपील उच्च न्यायालयात जाते. अपिलाची मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, तर उच्च न्यायालयासाठी ६० दिवस असते. मृत्युदंडाविरुद्धच्या अपिलासाठी मात्र ती ३० दिवसच आहे. तुरुंगातील कैद्याला कारागृह अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते.

न्यायाधीश कोण ठरवतो?

सत्र न्यायालयात अपिलाची सुनावणी सत्र न्यायाधीश स्वतः करतात किंवा ते अतिरिक्त सत्र न्यायाधीशांकडे सोपवतात. उच्च न्यायालयात हा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा आहे. कोणत्या प्रकारची प्रकरणे कोणत्या पीठापुढे जातील, हे ते कामवाटपाच्या आदेशाद्वारे ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध प्रकाश चंद या प्रकरणात हा अधिकार स्पष्ट केला. मुख्य न्यायमूर्तींनी न सोपवलेले प्रकरण अन्य न्यायमूर्ती स्वतःहून हाती घेऊ शकत नाहीत.

मृत्युदंडाच्या पुष्टीसाठी किमान दोन न्यायमूर्तींचे पीठ आवश्यक असते. अपिलात दोघांचे मत समसमान विभागले गेल्यास प्रकरण त्याच न्यायालयाच्या तिसऱ्या न्यायमूर्तींपुढे ठेवले जाते आणि निकाल त्यांच्या मतानुसार लागतो.

कर्नाटकात स्थळही महत्त्वाचे ठरते. बेंगळुरूतील अपिले मुख्य पीठापुढे येतात, तर बेळगाव जिल्ह्यातील धारवाड पीठापुढे आणि बीदरमधील कलबुर्गी पीठापुढे जातात. ही दोन्ही पीठे २००८ पासून कार्यरत असून २०१३ मध्ये ती कायमस्वरूपी झाली.

जयललिता प्रकरण

तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्यावरील बेहिशेबी मालमत्तेचा खटला निष्पक्षतेसाठी २००३ मध्ये चेन्नईहून बेंगळुरूला वर्ग झाला. २७ सप्टेंबर २०१४ रोजी विशेष न्यायाधीश जॉन मायकल डिकुन्हा यांनी त्यांना चार वर्षांचा कारावास आणि १०० कोटी रुपये दंड ठोठावला. अपील तीन महिन्यांत निकाली निघावे, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये व्यक्त केली. त्यानंतर मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला यांनी न्यायमूर्ती सी. आर. कुमारस्वामी यांचे विशेष एकसदस्यीय पीठ नेमले आणि दैनंदिन सुनावणी झाली.

दरम्यान, तमिळनाडूने नेमलेल्या विशेष सरकारी वकिलांना अपिलात युक्तिवाद करण्याचा अधिकार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१५ रोजी ठरवले. ती नेमणूक करण्याचा अधिकार कर्नाटकाचा होता. न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला नाही, मात्र कर्नाटकाला लेखी म्हणणे मांडण्याची मुभा दिली. ११ मे २०१५ रोजी उच्च न्यायालयाने जयललिता यांची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालातील कर्जांच्या बेरजेत १० कोटी ६७ लाखांऐवजी २४ कोटी १७ लाख रुपये धरले गेल्याची चूक पुढे चर्चेचा विषय ठरली.

५ डिसेंबर २०१६ रोजी जयललिता यांचे निधन झाले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. के. शशिकला यांच्यासह अन्य तिघांची शिक्षा पुन्हा कायम केली.

सुनावणीत काय होते?

अपिलीय न्यायालय मूळ खटल्यातील नोंदी मागवून दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकते. ते शिक्षा कायम ठेवू शकते, कमी करू शकते, आरोपीला मुक्त करू शकते किंवा फेरखटल्याचा आदेश देऊ शकते. मात्र आरोपीच्या स्वतःच्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही; त्यासाठी सरकारने स्वतंत्र अपील करावे लागते. सुनावणी प्रलंबित असताना कलम ४३० अन्वये शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो.