विजेवर चालणारीं जहाजें

१९२९ सालीं पी. अँड ओ. कंपनीचें 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' हें नवें जहाज लंडन-मुंबई मार्गावर सुरू झालें. त्याच्या पोटांतील पोहण्याच्या तलावाचें उतारूंना मोठें अप्रूप वाटलें असेल. परंतु जहाजाचें खरें नवल आणखी खालीं, यंत्रांच्या दालनांत होतें. बॉयलरमधील वाफ टर्बाइनें फिरवी, टर्बाइनें जनित्रें फिरवीत, जनित्रांची वीज तारांवाटे मोटारींस पोंचे, आणि मोटारी अखेर जहाजाचे मळसूत्री पंखे फिरवीत.

व्यवहारी मनुष्य येथें विचारील कीं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. शक्तीचें रूप पालटतांना दर वेळीं थोडी गळती होतेच. विजेच्या वाटेनें गेल्यास शंभरांतले आठ-दहा भाग पंख्यापर्यंत पोंचत नाहींत, आणि सरळ जोडणींत ही तूट दोन-तीन भागांचीच असते. असें असूनही आज काटकसरी व 'हरित' जहाजांची चर्चा निघाली कीं पहिलें नांव विजेचें घेतलें जातें. या विरोधाचा उलगडा मला तरी इतिहासांतच सांपडला.

विजेची योजना प्रथम झाली ती अडचणीपोटीं. आल्फ्रेड नोबेल यांच्या बंधूंनीं स्थापिलेली कंपनी बाकूचें तेल व्होल्गा नदीच्या मार्गानें उत्तरेकडे नेत असे. १९०३ सालीं तिनें 'वांदाल' नांवाच्या तेलवाहू बोटींत १२० अश्वशक्तीचीं तीन डीझेल इंजिनें बसविलीं. इंजिन उत्तम, इंधन थोडें खाणारें. पण त्याला उलटें फिरतां येईना, आणि जी बोट मागें सरूं शकत नाहीं ती कालव्याच्या दारांतून न्यावी कशी? मोटारीला उलटें फिरविण्यास प्रवाहाची दिशा बदलली कीं पुरें. म्हणून मध्यें वीज आली. टर्बाइनची अडचण आणखी निराळी. तें मिनिटास हजारों फेरे घेईल तेव्हां नीट चालणार, आणि मोठ्या जहाजाच्या पंख्याला शंभर-सव्वाशें फेरे पुरेसे. दोन भिन्न चालींचे बैल एका जुवाखालीं जुंपण्यासारखाच हा प्रकार! त्यांच्यामध्यें दांतेरी चक्रें तरी हवींत, नाहीं तर वीज. अमेरिकन आरमारानें १९१३ मध्यें 'ज्युपिटर' या कोळसावाहू जहाजांत वीज पसंत केली, व पुढें कांहीं मोठ्या युद्धनौकांनाही तीच दिली.

अशी नौका म्हणजे तरंगतें वीजघरच. १९२९ च्या डिसेंबरांत अवर्षणामुळें अमेरिकेंतील टॅकोमा शहराला जलविद्युत् पुरेना, तेव्हां 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका धक्क्यास लागली आणि सुमारें महिनाभर शहराला वीज पुरवीत राहिली. आमच्याकडे वीज जाण्याचे प्रसंग थोडे नाहींत. पण ती बंदरांतून परत आल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

एवढ्यानें विजेचा जय झाला असें मात्र नव्हे. दांतेरी चक्रें सुधारत गेलीं, खुद्द पी. अँड ओ. नेंही १९३५ च्या 'स्ट्रॅथमोर'मध्यें वीज सोडून चक्रें घेतलीं. त्याच वर्षीं फ्रान्सचें 'नॉर्मांदी' हें जहाज चाळीस-चाळीस हजार अश्वशक्तीच्या चार मोटारींवर अटलांटिक ओलांडूं लागलें, पण त्याचें अनुकरण फारसें झालें नाहीं. आपलें 'व्हाइसरॉय' १९४२ च्या नोव्हेंबरांत ओरानजवळ जर्मन पाणबुडीनें बुडविलें.

मोठ्या उतारू जहाजांत वीज परत आली ती तेल महागल्यावर. १९६९ पासून वाफेवर चालणाऱ्या 'क्वीन एलिझाबेथ २' चीं यंत्रें १९८६-८७ च्या हिंवाळ्यांत ब्रेमरहाफेन येथें काढून नऊ डीझेल जनित्रें व ४४ मेगावॅटच्या दोन मोटारी बसविल्या गेल्या. इंधनाचा खर्च सुमारें एक तृतीयांशानें उतरला. त्यांत वाफेच्या जागीं डीझेल आल्याचा वांटा मोठा होता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण मग नऊ यंत्रें कशाला? डीझेल इंजिन आपल्या पुऱ्या शक्तीच्या चार-पंचमांशाच्या आसपास चालत असतां कामाच्या मानानें कमींत कमी तेल घेतें. ओझें फार उतरलें कीं तें उधळें बनतें. म्हणून वेग कमी करतांना कांहीं यंत्रें अजीबात बंद ठेवावींत, उरलेल्यांना भरपूर काम द्यावें, आणि पंखे, दिवे, स्वयंपाकघर, थंड हवेचीं यंत्रें या सर्वांना एकाच कोठारांतून वीज पुरवावी. घरांत माणसें थोडीं असलीं तर आपण सगळ्या चुली पेटवीत नाहीं, तसाच हा हिशेब.

बचत होते ती या वांटणीमुळें. तारेंत कांहीं पुण्य भरलेलें नाहीं. महासागरावर दिवसचे दिवस एकाच वेगानें जाणाऱ्या मालवाहू जहाजांत बहुधा मंदगति डीझेल सरळ पंख्यालाच जोडलेलें असतें, आणि तेथें तेंच शहाणपणाचें आहे. सफरीचीं जहाजें, बर्फ फोडणारीं जहाजें, फेरीबोटी यांचें ओझें घडोघडीं बदलतें. वीज शोभते ती तेथें.

नॉर्वेंत सोग्नेफियॉर्ड या लांबलचक खाडीवर २०१५ सालीं 'अँपिअर' नांवाची फेरीबोट सुरू झाली. १२० गाड्या घेऊन वीस मिनिटांत पैलतीर गांठणाऱ्या या बोटीचे पंखे केवळ बॅटऱ्यांवर फिरत. त्यांत सुमारें एक हजार युनिट वीज सांठे, आणि तीही मुख्यतः त्या देशाच्या धबधब्यांपासून मिळालेली. प्रत्येक किनाऱ्यावर थांबण्यास दहाच मिनिटें. तेवढ्या वेळांत लागणारी वीज देण्याची ताकद कांठच्या खेड्यांच्या तारांत नव्हती. म्हणून दोन्ही तीरांवर आणखी एकेक बॅटरी ठेवावी लागली. बोट पैलतीरीं असली कीं ऐलतीरावरची बॅटरी गांवच्या तारांतून हळूहळू भरत राही.