धुण्याआधीची नोंद

काही वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका रसवंतीतून मी जुने ऑइल इंजिन विकत आणले. आमच्या तालुक्यात इंजिने केव्हा आणि कुठून आली, याचा शोध मी तेव्हा घेत होतो. इंजिन खोलले आणि सगळे भाग एका पोत्यात भरून धुलाईला दिले. कोणता भाग कोणत्या धातूचा, हे सांगितले नाही. कारागिराने सगळे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी बिडाचे आणि पोलादाचे भाग लख्ख होऊन आले. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन मात्र सोड्याने खाल्ला होता आणि झाकणावरची क्रमांकाची पातळ पट्टी उरलीच नव्हती. चूक कारागिराची नव्हती, माझी होती. माझ्या शोधातला एकमेव पुरावा मी पैसे मोजून नष्ट करून घेतला होता.

त्यानंतर पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांविषयी वाचताना ही चूक मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. पुढे माझ्दाच्या मोटारींमुळे प्रसिद्ध झालेले व्हँकेल इंजिनही रोटरीच म्हणवते, पण ते वेगळे. विमानातल्या या इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असे आणि सिलिंडरांचे सगळे चक्र पंख्यासह त्याच्याभोवती फिरे. फिरता फिरता सिलिंडरांना वारा लागे, त्यामुळे थंड करण्यासाठी पाण्याची गरज नसे. फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या नोम इंजिनाने १९०९ च्या सुमारास ही रचना लोकप्रिय केली.

या इंजिनांचे वंगण आपल्या घरातले होते : एरंडेल. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच जाई. साधे खनिज तेल वापरले तर पेट्रोल ते धुऊन नेई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून ते निवडले गेले. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून आले आहे. त्या काळी जगाच्या बाजारात एरंडीचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. १९१७ साली हरदित सिंग मलिक फ्रान्सच्या आघाडीवर सॉपविथ कॅमल उडवत होते. त्या विमानाच्या रोटरी इंजिनातही एरंडेलच जळत होते.

वापरलेले तेल पुन्हा टाकीत येत नसे, ते धुरासोबत बाहेर फेकले जाई. जे आत राही ते उष्णतेने घट्ट होऊन लाखेसारखा थर बने. जो गुण उड्डाणात उपयोगी, तोच धुलाईत आडवा येतो : पेट्रोल आणि रॉकेल या थराला फारसे दाद देत नाहीत. कॉस्टिक सोडा देतो, कारण तो तेलाचा साबण करतो. पण तोच सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो.

कॅमलमध्ये बसणाऱ्या क्लर्जे इंजिनात हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नव्हता. फिरणाऱ्या सिलिंडरची पुढची बाजू वाऱ्याने थंड होई, मागची तापलेली राही, आणि सिलिंडरचा गोल बिघडे. ती फट बुजवण्यासाठी पिस्टनवर ‘ऑब्ट्युरेटर’ नावाची पातळ कडी असे. ती काही तासांतच निकामी होई आणि मग इंजिन हवेत बंद पडे. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलातले अधिकारी डब्ल्यू. ओ. बेंटली आघाडीवरच्या तुकड्यांत जाऊन वैमानिक आणि मेकॅनिक यांच्याशी बोलत, इंजिने का बिघडतात ते समजून घेत. त्यातून त्यांनी बीआर १ हे इंजिन घडवले. त्याचे सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे आणि आतले अस्तर बिडाचे होते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर पसरवते.

आता असे इंजिन खोलून धुलाईला द्यायचे असेल तर? कडी कोणत्या बाजूला जळाली, हे त्या सिलिंडरचा क्रमांक आणि त्याची फिरण्याची दिशा ठाऊक असेल तरच कळते. एकदा नऊ पिस्टन एका टोपलीत गेले की जळण्याची खूण उरते, तिचा अर्थ जातो. शिवाय फिरणाऱ्या चक्राचा तोल वजनावर असल्यामुळे प्रत्येक भाग आपल्याच जागी परत गेला पाहिजे.

म्हणून माझा क्रम असा झाला आहे. खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र. प्रत्येक भागाला तारेने बांधलेला, क्रमांक ठोकलेला पोलादी बिल्ला, कारण कागदी चिठ्ठी टाकीत विरघळते. काजळीचा थोडा नमुना डबीत. मग पोलाद आणि बीड एकीकडे, अ‍ॅल्युमिनियम दुसरीकडे, पितळ तिसरीकडे. दोन धातू एकत्र असलेला भाग, बीआर १ च्या सिलिंडरसारखा, वेगळाच ठेवायचा आणि त्याला सोडा लावायचा नाही. तेलाची बारीक भोके मोजून लिहायची, म्हणजे धुतल्यावर प्रत्येक मोकळे झाले का ते तपासता येते. रंग, शिक्के, कारागिराने ओढलेले ओरखडे यांची स्वतंत्र यादी, आणि वर ठळक अक्षरांत : हे पुसू नये.

ही यादी कारागिराच्या हातात देऊन तोंडीही समजावतो. त्याला दहा मिनिटे लागतात. परवा एकाने यादी वाचून विचारले, ‘‘काका, एवढे लिहिलेच आहे तर धुवायचे तरी काय?’’ मी म्हणालो, ‘‘उरलेले सगळे.’’

रसवंतीचे ते इंजिन अजून माझ्या पडवीत आहे. वहीत त्याच्या नावापुढे क्रमांकाचा रकाना आहे. तो मी कोराच ठेवला आहे, अंदाजाने भरलेला नाही.