मुळांतील रंग आणि अदृश्य प्रकाश

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक नृपति हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. तेथील रंग बहुतेक खनिज. वऱ्हाडी रंगाऱ्याचा तांबडा रंग मात्र आल नांवाच्या झाडाच्या मुळांत होता. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतील अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेंत घडविलें. कारखान्यांतील हा स्वस्त रंग बाजारांत येतांच मुळांचा व्यापार बसला. दैवाची थट्टा अशी कीं, दोन्हीं रंग अँथ्राक्विनोनच्या एकाच कुळांतील!

रंगद्रव्य प्रकाशाचा कांहीं अंश शोषतें. उरलेला डोळ्यांस रंग म्हणून दिसतो. रेणूंतील एकाआड एक दुहेरी बंधांची सांखळी जितकी लांब, तितकी इलेक्ट्रॉनला वर चढण्यास शक्ति कमी लागते. सायनीन रंगांत दोन कार्बन वाढविले कीं शोषण सुमारें १०० नॅनोमीटर पुढें सरकतें व अखेर अदृश्य अवरक्तांत शिरतें. मात्र लांब सांखळी नाजूक. प्रकाश व प्राणवायु तिला लवकर मोडतात. म्हणून रेणूच्या एका टोकास इलेक्ट्रॉन देणारा व दुसऱ्या टोकास घेणारा गट जोडून आंखूड सांखळींतच तें कार्य साधतात.

१९४८ सालीं थॅलोसायनीन या निळ्या रंगद्रव्यांत अर्धवाहकाचा गुण आढळला. रंग विजेचें वहन करूं लागला! मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक प्रा. वेंकटरामन यांनीं १९५२ सालीं कृत्रिम रंगांच्या रसायनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ खणणाऱ्या हातांस रेणूचें ज्ञान नव्हतें, म्हणून त्यांचा धंदा बुडाला. तें ज्ञान आतां या भूमींत रुजलें आहे.