गाडीचं गिअर ऑइल घरी बदलताय? आधी वरचा बोल्ट उघडा, मग खालचा

पावसाळा संपत आला की ग्रामीण भागात गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "गिअर जड झालाय", "दुसरा गिअर टाकताना करकर वाजतो". इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो, कारण सर्व्हिसवाला आठवण करून देतो. गिअर ऑइल मात्र गाडी घेतल्यापासून तेच असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला ते बदलतात हेच माहीत नसतं.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत हे काम घरी करता येतं. अवघड नाही, पण त्यात दोन-तीन जागा अशा आहेत की चूक झाली तर गाडी जागेवर बसते, किंवा त्याहून वाईट, माणूस जखमी होतो.

आधी तपासा, दोष ऑइलचाच आहे का?

गाडी उभी करून इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर सगळेच जड जातात, तर दोष बहुतेक क्लचचा आहे. ऑइल बदलून पैसे वाया जातील. सकाळी थंडीत गिअर जड आणि पाच-सहा किलोमीटर गेल्यावर हलका, असं असेल तर ऑइल जुनं झालं असण्याची किंवा चुकीच्या नंबरचं असण्याची शक्यता जास्त. एकाच गिअरमध्ये घूं घूं आवाज येत असेल तर तो बेअरिंगचा किंवा दात झिजल्याचा. तो ऑइलने जाणार नाही.

ओढ्यातून, पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर मात्र किलोमीटर मोजत बसू नका. गिअरबॉक्सला हवा जायला एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गरम गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. असं ऑइल बेअरिंगचं वंगण करत नाही, आतून गंज चढतो. ते लगेच काढायचं, नवीन भरून थोडी गाडी चालवायची आणि तेही काढून पुन्हा नवीन भरायचं. दोनदा खर्च होतो खरा, पण गिअरबॉक्स उघडायच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

ऑइल कोणतं?

गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बहुतेक गाड्यांचं मिळतं. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक नंबर, म्हणजे 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, जीएल-4 की जीएल-5.

दुकानदार म्हणतो, "घ्या हो, पाच म्हणजे चारपेक्षा भारीच." हे खरं नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. गिअर बदलताना ही रिंग घासून दोन्ही चक्रांचा वेग जुळवते, म्हणून दात न वाजता गिअर पडतो. जीएल-5 ऑइल डिफ्रेन्शियलच्या जास्त दाबासाठी बनवलेलं असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती काही ऑइलमध्ये पितळ खातात. शिवाय रिंगेला पकड मिळत नाही. म्हणून पुस्तकात जीएल-4 असेल तर जीएल-4 च. दोन्ही चालतं असं डब्यावर आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलं असेल तरच गोष्ट वेगळी.

बोलेरो, ओमनी, ईको अशा मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांना मागे डिफ्रेन्शियलचं ऑइल वेगळं असतं. पुढच्या चाकावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुधा दोन्हींचं एकच. छोट्या गाडीत साधारण दोन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, नक्की आकडा पुस्तकात. किती किलोमीटरला बदलायचं हेही तिथेच असतं. वाळू, ऊस, कांदा असं ओझं रोज वाहणारी गाडी असेल तर जड वापराचा जो तक्ता असतो तो धरा.

गाडीखाली जाताना

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. जॅक टायर बदलण्यासाठी असतो. मातीच्या अंगणात तो एका बाजूला कधी खचेल सांगता येत नाही. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉकही नकोत, ते वजनाने अचानक फुटतात. लोखंडी घोडे वापरा, टायरला दगड लावा, हँडब्रेक ओढा. सगळ्यात बरं म्हणजे गावात किंवा तालुक्याला कुणाकडे सर्व्हिसिंगचा पक्का खड्डा असेल तर तासभर मागून घ्या. गाडी सपाट राहते. तिरकी गाडी असेल तर ऑइलची लेव्हल चुकते.

चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होतं. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण सायलेन्सरचा पाइप जवळच असतो आणि हात भाजतो.

आता मुख्य काम

गिअरबॉक्सला साधारण दोन बोल्ट असतात. खालचा ड्रेनचा, बाजूला वरच्या अंगाला भरायचा. आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडून बघा. तो सुटला तरच खालच्याला हात लावा.

हे आम्ही अनुभवातून सांगतोय. घरच्या जुन्या गाडीचं ऑइल आम्ही मोठ्या उत्साहात खालून काढलं, घमेलं भरलं, आणि मग वरचा बोल्ट काही केल्या सुटेना. पाना घसरून त्याचे कोपरे गेले. गिअरबॉक्स रिकामा, म्हणजे गॅरेजपर्यंत चालवत नेताही येईना. शेवटी ट्रॅक्टरला बांधून नेली, गावभर हसू झालं. पुढच्या चाकावरची गाडी असती तर पुढची चाकं उचलूनच न्यावी लागली असती.

बोल्टला बरोबर मापाचा सॉकेट किंवा रिंग पाना लावा. फिक्स पान्याने कोपरे जातात. ऑइल पूर्ण निथळू द्या, घाई नको. ड्रेन बोल्टला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी लेपासारखा बारीक कीस दिसणं नेहमीचं. दाताचा तुकडा किंवा चमकदार लोखंडी कपच्या दिसल्या तर मात्र फोटो काढून मिस्त्रीला दाखवा. काढलेलं ऑइल मोजूनही ठेवा. खूप कमी निघालं तर कुठेतरी गळती आहे.

बोल्ट पुसून, वॉशर असेल तर नवीन घालून बसवा. गिअरबॉक्सचं कवच बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. पान्यावर पाय देऊन आवळलं तर आटे जातात.

भरण्यासाठी नरसाळ्याला लांब नळी जोडून बोनेटमधून सोडा. ऑइल घट्ट असल्याने हळू उतरतं. भरायच्या भोकातून ऑइलची बारीक धार बाहेर यायला लागली की लेव्हल झाली. बहुतेक मॅन्युअल गाड्यांत हीच खूण. जास्त भरून काही फायदा नाही, उलट दाबाने सील गळतं. ब्रीदरचं तोंड चिखलाने बंद झालं असेल तर तेही साफ करा.

ऑटोमॅटिक असेल तर थांबा

सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे घरी करू नका. त्यांचं ऑइल वेगळं असतं, आणि लेव्हल बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून ठरावीक तापमानाला बघतात. सीव्हीटीत चुकीचं ऑइल पडलं तर आतला पट्टा घसरतो. एएमटीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, पण गिअर टाकणाऱ्या यंत्रणेत हायड्रॉलिक ऑइल वेगळं असू शकतं. त्याचा डबा उघडू नका.

जळकं ऑइल कुठे टाकायचं?

विहिरीजवळ, बांधावर, गटारीत नाही. वापरलेलं ऑइल 2016 च्या केंद्रीय नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवर द्या. तिथं पिंपात साठवून ते पुढे शुद्धीकरणाला विकलं जातं. गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायची पद्धत आहे, पण जनावरं खांब चाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब पडतोय का बघा. शंभरेक किलोमीटरनंतर लेव्हल पुन्हा तपासा. तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवून ठेवा. गाडी विकताना तो कागद उपयोगी पडतो.