चिरणारा कोण?

2013 च्या जानेवारीत आबा आणि आईला घेऊन मी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मुंबईला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमची एक ममी आली होती. नेस्पेरेन्नुब हा इसवीसनापूर्वी 800 च्या सुमारास कर्नाकला पुरोहित होता. गुंडाळी न सोडता, स्कॅनिंगने त्याचे शरीर आतून तपासले गेले. डोक्यामागे मातीचे भांडे चिकटलेले निघाले; प्रेताला राळ लावणाऱ्यांच्या हातून राहून गेले असावे.

आबा काचेपाशी थांबले. "ह्याला चिरला कुणी?"

पुरोहिताचे नाव उरले, त्याच्या बापाचेही उरले. चिरणाऱ्याचे नाही. इसवीसनापूर्व पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, की पोट चिरून होताच तो माणूस पळत सुटे आणि जमलेले लोक शिव्याशाप देत त्याच्यावर दगड फेकीत. पुढचे सोपस्कार करणाऱ्यांना मात्र मान होता, मंदिरात प्रवेश होता. डायोडोरस नेस्पेरेन्नुबनंतर सातशे वर्षांनी लिहितो, हे खरे. तेव्हा त्याचा शब्द मागे ताणता येत नाही. पण काम हवे आणि करणारा नको, ही व्यवस्था आबांना कुणी समजावून सांगायला नको होती. 1956 च्या धर्मांतरानंतर आजोबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा गावाने आमचे दळण बंद केले होते. महारवतने रद्द करणारा कायदा आला तो 1958 साली.

परतीच्या एस.टी.त भिगवण मागे पडल्यावर आबा बोलले.

"ते भांडं अजून डोक्याला तसंच हाय?"

"हाय, आबा."