वेस्ट हॅम्पस्टेडमधली गुरुवारची रात्र

१५ ऑक्टोबर १९६४. ब्रिटनमध्ये आज मतदान झालंय. तेरा वर्षं सत्तेवर असलेला हुजूर पक्ष पडणार का, हीच चर्चा लंडनभर आहे. तुम्ही मात्र वेस्ट एंड लेनवरच्या रेल्वे हॉटेलचा जिना चढताय. वर ‘क्लूक्स क्लीक’ क्लब. सिगारेटचा धूर, घामेजलेली पोरं. कशीबशी भिंतीला टेकायला जागा मिळते.

ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशन हा बँड वाजवू लागतो. मंचावर गिटार नाही, आणि तुम्हाला तिची आठवणही होत नाही. सव्विशीतला, आडव्या अंगाचा बाँड हॅमंड ऑर्गनवर तुटून पडलाय. त्याचे हात बघा. डावा ऑर्गनवर, उजव्यात आल्टो सॅक्सोफोन, आणि दोन्ही एकाच वेळी वाजताहेत! डिक हेक्स्टॉल-स्मिथ तर दोन सॅक्सोफोन एकदम तोंडाला लावतो. ‘ट्रेन टाइम’ या गाण्यात जॅक ब्रूसचा माउथऑर्गन गाडीसारखा धापा टाकू लागतो. जिंजर बेकरच्या ड्रमचा ठोका थेट छातीत बसतो. ब्लूज कुठे संपला आणि जॅझ कुठे सुरू झाला, ते सांगता येत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. पुढच्या वर्षी हे दोन अल्बम काढतील, त्यातल्या दुसऱ्यावर मेलोट्रॉन हे वाद्य वाजवतील. हिट व्हावं म्हणून ‘टॅमी’सारखं गोड सिनेगीतही गातील. पण चार्टवर काहीच चढणार नाही. ब्रूस-बेकरची भांडणं विकोपाला जातील, ब्रूस बाहेर पडेल. आणि १९६६ मध्ये हेच दोघं एरिक क्लॅप्टनसोबत ‘क्रीम’ हा बँड काढून जगभर गाजतील. वर्षभरापूर्वी याच बँडमध्ये गिटार वाजवणारा जॉन मॅकलॉफ्लिन पुढे मुंबईच्या झाकिर हुसेनसोबत ‘शक्ती’ हा बँड उभा करेल. बाँड मात्र मे १९७४ मध्ये फिन्सबरी पार्क स्टेशनात गाडीखाली जाईल.

हे संगीत तीन मिनिटांच्या गाण्यात मावणारं नव्हतंच. त्याला अशीच खोली लागायची, असेच ऐकणारे लागायचे. चार्टवर विक्री मोजली जाते. या खोलीत जे घडतंय, ते मोजायचं माप चार्टकडे नाही. या रात्रीचं ध्वनिमुद्रण सुदैवानं टिकलंय. ‘क्रीम’ ऐकायला बसाल, तेव्हा आधी ते लावा. आवाज मोठा ठेवा. त्या झाडाचं मूळ इथे आहे, आणि त्यावर बाँडचं नाव आहे.