लँकेशायरचा सुटीचा आठवडा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लँकेशायर या परगण्याचे नाव हिंदुस्थानात एके काळी खेडोपाडी परिचित होते, आणि ते कापडामुळे. ब्लॅकबर्नच्या मागांवर आपल्या देशासाठी धोतरे विणली जात. १९१३ साली ब्रिटनमधून सुमारे सात अब्ज यार्ड सुती कापड परदेशी गेले. त्यातील सुमारे तीन अब्ज यार्ड एकट्या हिंदुस्थानाने घेतले, आणि त्या कापडाचा फार मोठा भाग लँकेशायरमध्ये तयार झालेला होता. या कापडाने आपल्याकडच्या विणकराचे काय केले, हा इतिहास वारंवार सांगितला गेला आहे. परंतु ते कापड विणणारी माणसे वर्षातील ज्या एका आठवड्यात ते विणत नसत, त्या आठवड्याचा इतिहास आपल्याकडे सहसा कोणी सांगितलेला नाही. तोही कापडाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

या परगण्याची ठेवण मोठी सोयीची आहे. पूर्वेस पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी ओल्डम, रॉचडेल, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्न्ली अशी गिरण्यांची शहरे, आणि पश्चिमेस आयरिश समुद्राच्या काठी साउथपोर्ट, लिदम, ब्लॅकपूल, फ्लीटवुड, मोरकॅम अशी गावे. या दोहोंमधील अंतर चाळीस-पन्नास मैलांहून फारसे अधिक नाही. एका बाजूस धूर आणि दुसऱ्या बाजूस वारा, अशी ही विभागणी होती. मात्र धुरातल्या माणसाला वाऱ्यापर्यंत पोहोचण्यास शंभर वर्षांचा काळ लागला.

या आठवड्याला तेथे ‘वेक्स’ म्हणत. त्याचे मूळ गिरण्यांहून कितीतरी जुने, मध्ययुगातील आहे. प्रत्येक गावचे देऊळ कोणा ना कोणा संताच्या नावाने उभारलेले असे. त्या संताच्या दिवसाच्या आदल्या रात्री लोक जागर करीत आणि दुसऱ्या दिवशी जत्रा भरे. लँकेशायरमध्ये या जत्रेला लव्हाळ्यांच्या गाड्यांची जोड मिळाली होती. देवळाच्या मातीच्या जमिनीवर अंथरलेली लव्हाळी वर्षातून एकदा बदलावयाची असत. नव्या लव्हाळ्यांचा उंच ढीग रचलेली, सजवलेली गाडी गावातील तरुण दोरांनी ओढीत आणि तिच्यापुढे मॉरिस नाच चाले. पुढे देवळांना फरशा बसल्या आणि लव्हाळ्यांची गरज उरली नाही. तरी गाड्या निघतच राहिल्या. दारू, मारामाऱ्या, बैलावर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ हेही जत्रेत आलेच. तो खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला.

गिरण्या आल्या तेव्हा मालकांना ही जत्रा डोळ्यांत सलू लागली. हातमागावरचा विणकर स्वतःच्या वेळेचा धनी होता. आठवड्याअखेर जागून तो काम उरकी आणि सोमवारी सरळ सुटी घेई. या सोमवाराला ‘संत सोमवार’ असे थट्टेचे नावही पडले होते. वाफेच्या यंत्राला असला संत मानवणारा नव्हता. उशिरा येणाऱ्यास दंड, गैरहजर राहणाऱ्यास दंड, अशी शिस्त लागली आणि जुने सणवार एकामागून एक लोपले. वेक्स मात्र लोपले नाहीत. त्या दिवशी हुकूम काहीही असो, कामगार येतच नसत. निम्म्या खात्यात खाडे पडले की उरलेल्या निम्म्यासाठी बॉयलर पेटवणे परवडत नाही, हे मालकांच्या हळूहळू ध्यानात आले. त्यापेक्षा सर्व गिरण्या एकदम बंद ठेवाव्यात, त्या अवधीत बॉयलर साफ करावेत, यंत्रे दुरुस्त करावीत, असा व्यवहारी तोडगा निघाला. ही सुटी मालकाच्या औदार्यातून आलेली नव्हती आणि प्रारंभी कायद्यातूनही नाही. आरंभी ती दोन-तीन दिवसांची असे. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास बहुतेक शहरांत ती पुरी आठवड्याची झाली. १८७१ साली सर जॉन लबक यांच्या पुढाकाराने पार्लमेंटने बँकांच्या सुट्यांचा कायदा केला आणि इंग्लंडातील सार्वजनिक सुटीचा आरंभ सामान्यतः तेथून धरला जातो. लँकेशायरपुरते तरी हे श्रेय लबकसाहेबांना देता येत नाही.

कामगार समुद्राकडे वळले त्याचीही कहाणी जुनीच आहे. ऑगस्टच्या उधाणात समुद्राच्या पाण्याला औषधी गुण येतो, अशी या भागातील लोकांची समजूत होती. त्यासाठी रेल्वेच्या आधीपासून विणकरांची कुटुंबे पायी किंवा छकड्यांतून किनारा गाठीत, समुद्रात बुडी मारीत, थोडे पाणी पीतही. १८४० साली प्रेस्टनहून फ्लीटवुडपर्यंत आगगाडी आली आणि १८४६ मध्ये तिचा एक फाटा ब्लॅकपूलला पोहोचला. रविवारच्या धर्मशाळा आणि दारूबंदी मंडळे यांना ही मोठीच संधी वाटली. जत्रेतील गुत्त्यापासून मुलाबाळांना दूर न्यावयाचे तर आगगाडीने सहल काढावी, हा त्यांचा विचार. या सहलींनी परगण्यातील गरिबाला समुद्राची वाट दाखवली. त्याने ती वाट उचलली, फक्त बरोबरचा उपदेश घरी ठेवला.

ब्लॅकपूलची वाढ हा या साऱ्या इतिहासातील नवलाचा भाग आहे. १८०१ साली तेथे पाचशेही वस्ती नव्हती. १९०१ मध्ये ती सुमारे सत्तेचाळीस हजार झाली. समुद्रात शिरणारा पहिला धक्का १८६३ मध्ये, दुसरा १८६८ मध्ये आणि तिसरा १८९३ मध्ये बांधून झाला. १८७९ साली किनाऱ्यावरच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले, १८८५ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. पॅरिसचे प्रदर्शन आणि आयफेल मनोरा पाहून आलेल्या जॉन बिकरस्टाफ या नगराध्यक्षांनी तसाच मनोरा आपल्या गावी असावा असे मनावर घेतले आणि १८९४ मध्ये ५१८ फुटांचा मनोरा उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी सर्कस, मत्स्यालय आणि नाचघर होते. यंत्रापाशी उभे राहून दिवस काढणारी माणसे येथे झुंबरांखाली नाचत असत. कारभाराच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण घटना मात्र १८७९ ची आहे. त्या वर्षी गावाने पार्लमेंटकडून एक खास कायदा करून घेतला आणि घरपट्टीतून पौंडामागे दोन पेन्स केवळ गावाच्या जाहिरातीवर खर्चण्याचा अधिकार मिळवला. नगरपालिकेने करदात्याच्या पैशाने भिंतीभिंतींवर रंगीत चित्रे चिकटवावीत, हे त्या काळच्या काटकसरी इंग्रज मनाला विलक्षणच होते. ब्लॅकपूलने ते केले, कारण आपले गिऱ्हाईक कोण हे त्याला नेमके ठाऊक होते. साउथपोर्ट आणि लिदम यांनी प्रतिष्ठित मंडळींसाठी शांतता जपली; ब्लॅकपूलने गिरणीकामगाराला आपले मानले.

या गावाला आणखी एक दैवी साहाय्य होते, आणि ते खरोखरच देवळांतून आलेले होते. प्रत्येक गावचा संत वेगळा, म्हणून वेक्सची तारीखही वेगळी. एका शहराची सुटी जूनमध्ये, दुसऱ्याची जुलैत. ओल्डमची तर ऑगस्टच्या अखेरीस. त्यामुळे ब्लॅकपूलच्या खोल्या उन्हाळाभर दर आठवड्याला एका नव्या शहराने भरत. बँकांच्या सुटीप्रमाणे सारा परगणा एकाच सोमवारी किनाऱ्यावर उतरला असता, तर एवढे गाव उभेच राहिले नसते.

सुटी सुरू होण्याच्या शनिवारी गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला की शहरच्या शहर स्टेशनाकडे निघे. गल्लीतील शेजारी एकाच डब्यात बसत, ब्लॅकपूलला बहुधा एकाच रस्त्यावरच्या घरांत उतरत. मागे राहिलेल्या शहरात दुकाने बंद, रस्ते ओस आणि आकाश निरभ्र. धुराड्यांतून धूर नसल्यामुळे भोवतालचे डोंगर एरवी न दिसणारे दिसू लागत. ब्लॅकपूलमध्ये खोल्या भाड्याने देणाऱ्या बाया हा एक स्वतंत्र वर्गच होता. त्यांपैकी कित्येक मूळच्या गिरणीशहरांतल्याच. पाहुण्यांनी आपला शिधा आपण आणावयाचा किंवा विकत घ्यावयाचा, आणि घरमालकिणीने तो प्रत्येकाचा वेगवेगळा शिजवून द्यावयाचा, अशी पद्धत होती. एकेका बिछान्यात तिघे-चौघे झोपत. मेजावरच्या मीठ-मिऱ्याच्या भांड्याबद्दलही वेगळे पैसे लावणाऱ्या मालकिणींवरचे विनोद पुढे अनेक वर्षे रंगमंचावर गाजले. तरीही तेच कुटुंब वर्षानुवर्षे त्याच मालकिणीकडे उतरे.

पैसा कोठून येई? सुटीच्या आठवड्याचा पगार मिळत नसे, ही यातील कळीची गोष्ट. गिरणी मालकाने बंद ठेवली तरी त्या दिवसांचे दाम तो देत नव्हता. म्हणून कामगारांनी बचतीची मंडळे काढली. आपल्याकडच्या भिशीशी त्यांचे नाते आहे. फरक एवढाच की तेथे पाळी नसे, सर्वांचा पैसा सुटीच्या तोंडावर एकदम वाटला जाई. गिरणीत, प्रार्थनामंदिरात, गुत्त्यात, सहकारी भांडारात अशी मंडळे चालत. वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स बाजूला पडत. हे लँकेशायरला साधले याचे आणखी एक कारण म्हणजे तेथील स्त्रिया. विणखात्यात बायका हजारोंच्या संख्येने काम करीत आणि लग्नानंतरही पुष्कळजणी काम सोडीत नसत. घरात तीन-चार मिळवती माणसे असली की दिवसाकाठी काही शिल्लक पडे. ज्या घरी एकच मिळवता, तान्ही मुले, किंवा आजारी म्हातारे, त्या घराचा समुद्र एका दिवसाच्या सहलीपुरता, पुष्कळदा तेवढाही नाही. गल्ली रिकामी झाली असता कोणाच्या खिडकीचा पडदा हलतो, हे सगळ्यांना कळे. परत आलेल्यांची स्थितीही फार निराळी नसे. सोमवारी गहाणवट दुकानात गर्दी होई. वर्षाची पुंजी आठ दिवसांत उधळणाऱ्या या लोकांना मध्यमवर्गीय उपदेशकांनी फार दूषणे दिली. एक्कावन्न आठवडे काटकसर करणाऱ्या माणसाला उधळा म्हणणे न्यायाचे नव्हते.

या गोष्टीला मुंबईची एक बाजू आहे. १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि लँकेशायरला स्पर्धक निर्माण झाला. येथील गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, रविवारच्या सुटीची मागणी केली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. हिंदुस्थानात कारखान्यांचे कायदे व्हावेत असा आग्रह लँकेशायरचे मालकही धरीत होते. त्यांना येथल्या मजुरांचा कळवळा किती आणि येथल्या मालकांची धास्ती किती, हा हिशेब सरळ नाही. मुंबईचा गिरणीकामगार वर्षातून एकदा गावी जाई, तोही बिनपगारीच. त्यांतील रत्नागिरीकडचा माणूस समुद्रकिनाऱ्याच्या शहरातून समुद्रकिनाऱ्याच्याच गावी परते. त्याच्या लेखी समुद्र हा हवापालट नव्हता. शिमग्याला किंवा गणपतीला घरी पोहोचण्याचा तो रस्ता होता.

पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरचा धंदा ढासळला. हिंदुस्थानी आणि जपानी कापडाने बाजार घेतले, त्यात जागतिक मंदी आणि परदेशी मालावरील बहिष्कार यांची भर पडली. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेतून वेळ काढून डार्वेन येथे गेले आणि बेकार विणकरांना भेटले. ज्यांच्या मालाची आपल्या देशात होळी झाली, त्यांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. या माणसांना रिकामा वेळ वर्षभर होता. समुद्राचे तिकीट मात्र त्यांना परवडत नव्हते. १९३४ मध्ये ‘सिंग ॲज वुई गो’ हा चित्रपट आला. गिरणी बंद पडलेली एक कामकरी मुलगी पोटासाठी सायकलने ब्लॅकपूल गाठते, अशी त्याची कथा जे. बी. प्रीस्टली यांनी लिहिली होती आणि नायिकेचे काम रॉचडेलच्याच ग्रेसी फील्ड्स यांनी केले होते.

पगारी सुटीचा कायदा पार्लमेंटने १९३८ साली केला. त्याचा खरा लाभ दुसरे महायुद्ध संपल्यावर मिळू लागला आणि युद्धोत्तर वर्षांत ब्लॅकपूलचा किनारा माणसांनी फुलून गेला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यांत पगारी सुटी आली. १९४८ च्या कायद्याने ती कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस अशी ठरवली.

लँकेशायरमध्ये मात्र सुटीला पगार मिळू लागला आणि गिरण्या जाऊ लागल्या. १९५० नंतर त्या एकामागून एक बंद पडल्या. ब्लॅकपूलचे मुख्य स्टेशन, ज्यावर चौदा फलाट होते, ते १९६४ मध्ये बंद झाले. स्पेनच्या उन्हाकडे स्वस्त विमाने जाऊ लागली. सगळ्या शहराने एकदम थांबावे असे काही उरले नाही. काही शहरांच्या शाळांनी तेवढी वेक्सची सुटी पुढेही अनेक वर्षे पाळली. लव्हाळ्यांच्या गाडीमागून चालणाऱ्या त्या तारखा अखेरीस शाळेच्या वेळापत्रकातील एका ओळीत राहिल्या, आणि इतर परगण्यांशी जुळवून घेण्यासाठी त्या ओळीही एकेक करून काढल्या गेल्या.